मम्मी फुगे मागते

मरोळ गावठाण,
१३ जानेवारी २०२५

फ्रेडी,

व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला ब्लॉक केलंस, फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. पाकिटाला ब्लॉक करता येत नाही. मस्कतला तुझ्या कंपनीच्या पोस्टबॉक्सवर पाठवतेय. चार लोकांच्या हातून तुझ्याकडे येईल, त्यामुळे न वाचता फेकायची तुला लाज वाटेल.

काल मम्मीला भेटायला मुलुंडला, त्या वृद्धांच्या होममध्ये गेले होते. (माझा गुडघा बरा आहे. विचारलं नाहीस, तरी सांगते.) तिला हॉलमध्ये आणून खुर्चीत बसवलं होतं, मान छातीवर. हाक मारली तर डोळे अर्धे उघडले, माझ्याकडे बघितलं की भिंतीकडे ते कळलं नाही, आणि परत मिटले. भेटीची वेळ फक्त रविवारी दुपारच्या जेवणानंतर, त्यामुळे ती झोपेत असते, असं तिथले म्हणतात. मम्मीची दुपारची झोप मला माहीत नाही काय? स्टुलावर बसल्या बसल्या डुलकी काढायची आणि आपण पातेल्याला हात लावला की जागी व्हायची. ही झोप तसली नाही. आणि ती वाळलीय रे. हात हातात घेतला तर डॅडीनं घातलेली अंगठी बोटातून निसटून खुर्चीखाली गेली. माझ्या रुमालाचा दोरा उसवला, अंगठीला गुंडाळला आणि परत घातली.

तिला सांभाळणाऱ्या बाईला विचारलं, मम्मी काय खाते? तिनं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "ऑफिसात विचारा, मावशी." ऑफिसात मॅनेजर आहेत, चंद्रप्रकाश नावाचे. टापटीप माणूस, आवाज मऊ. म्हणाले, "मॅडम, माहिती फक्त रजिस्टर्ड नातेवाइकाला देतो. फॉर्मवर फ्रेडरिक सरांचं एकट्याचं नाव आहे." मी म्हटलं, मी तिची मुलगी आहे. आधार कार्ड काढलं. ते म्हणाले, "मुलगी आहात ते दिसतंच आहे, चेहरा सेम आहे. पण पॉलिसी आहे ना."

माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू सुट्टी काढून आलास. मम्मी पहाटे नाइटीवरच चर्चला निघाली म्हणून घाबरलास आणि मी वॉर्डात पडलेली असताना तिला मुलुंडला ठेवून विमानात बसलास. त्यावरून आपण फोनवर एकमेकांना जे बोललो ते अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. ते भांडण मला आज काढायचं नाही. मला एवढंच हवंय: मम्मीला ते काय खायला घालतात, कुठली गोळी देतात आणि ती अशी का सुकत चाललीय. होमला एक मेल टाक, माझ्या बहिणीला सगळं सांगा म्हणून. दोन ओळी पुरे.

सगळी नोकरी मी टेलिफोनच्या १९७ वर काढली. कुणाला दादरच्या फुलवाल्याचा नंबर हवा, कुणाला डोंबिवलीच्या मावशीचा, मी शोधून दिला. आणि आता स्वतःच्या आईची माहिती मला कुणी देत नाही. वाट लागली म्हणजे काय ते हे.

मॉनिका


मरोळ,
२८ जानेवारी

फ्रेडी,

उत्तर नाही. ठीक आहे. मेलही गेलेला नाही, मी होममध्ये विचारलं.

१९ तारखेला, रविवारी मासनंतर चर्चच्या गेटबाहेर एक बाई टेबल मांडून सह्या घेत होत्या. उत्तराताई. घाटकोपरला राहतात, शिक्षिका होत्या. त्यांचा नवरा एका खासगी हॉस्पिटलात गेला आणि शेवटच्या आठवड्यात त्याला काय काय दिलं हे त्यांना अजून कळलेलं नाही. त्यांची मागणी अशी, की माहितीचा अधिकार सरकारी ऑफिसांना लागू आहे तसा खासगी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलांना, वृद्धाश्रमांना, असल्या सगळ्या होमना लागू करा. मी सही केली आणि मग तिथेच उभी राहून त्यांना मम्मीचं सगळं सांगितलं. मागे रांग लागली, लोक खाकरायला लागले, तरी त्यांनी मला थांबवलं नाही.

त्यांच्या सांगण्यावरून मी आधी मुलुंडच्या होमलाच अर्ज दिला. चंद्रप्रकाश हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं. "मॅडम, हा कायदा सरकारसाठी आहे. आम्ही सरकार थोडेच आहोत?" मी त्यांना हाताला धरून (खरंच धरलं) गेटपाशी नेलं. तिथे संगमरवरी पाटी आहे, तूही बघितली असशील: शासनाने नाममात्र भाड्याने दिलेल्या भूखंडावर ही वास्तू उभी आहे. म्हटलं, जमीन घ्यायची तेव्हा सरकार तुमचं आणि प्रश्न विचारला की तुम्ही खासगी? त्यांनी रुमालानं पाटीवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "चहा घेणार?" मी घेतला. उन्हातून आले होते आणि चहावर माझा राग नव्हता.

आता ट्रस्टांवर देखरेख करणारं जे सरकारी ऑफिस असतं तिथे अर्ज टाकलाय. होमनं तिकडे काही पाठवलं असेल तर ते मागता येतं. दहा रुपयांचं तिकीट लावायचं, एकाच विषयावर लिहायचं आणि दीडशे शब्दांत बसवायचं. माझे पहिल्यांदा तीनशेच्या वर गेले. उत्तराताईंनी तुझ्यावरचे सगळे शब्द काढून टाकले, तेव्हा बसलं.

तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं त्यांना. तुला असली काही मुदत नाही, मजा आहे तुझी.

मॉनिका


मरोळ,
३ मार्च

फ्रेडी,

सरकारी ऑफिसचं उत्तर मुदतीत आलं, सभ्य भाषेत. ट्रस्टची नोंदणी आहे, हिशेब वेळेवर येतात, विश्वस्तांची नावं सोबत जोडली आहेत. तिथे राहणाऱ्या व्यक्तींचा आहार आणि औषधं यांची माहिती या कार्यालयाकडे नसते. चूक कुणाचीच नाही. नसेल त्यांच्याकडे. मम्मीच्या ताटात काय पडतं हे बघायचं काम कुणाचंच नाही, एवढं मात्र त्यातून कळलं.

परवा घाटकोपरला सभा होती, शाळेच्या हॉलमध्ये. एका दुसऱ्या वृद्धाश्रमाचे विश्वस्त आले होते, कुंडलिकराव म्हणून. मी भांडायच्या तयारीनंच गेले होते, पण त्या माणसाचं बोलणं खोटं नव्हतं. म्हणाले, "उद्या कुणीही उठून कुणाच्याही आजाराचे कागद मागेल. म्हाताऱ्या माणसांना अब्रू नाही का? आणि माझ्या चार सेविका उत्तरं लिहीत बसल्या तर आजोबांना आंघोळ कोण घालणार?" मला मम्मी आठवली. तिच्या नाइटीचं बटण उघडं राहिलं तरी तिला खपत नसे. तिची कागदपत्रं अख्ख्या मुंबईनं वाचावीत असं मलाही वाटत नाही.

उत्तराताई म्हणाल्या, "कुणीही नको, कुंडलिकराव. ज्याचं माणूस, त्याला त्याच्या माणसाची माहिती. बाकीच्यांना एवढंच, की किती माणसांमागे किती सेविका, डॉक्टर कधी येतो, तक्रार आली तर तुम्ही काय केलंत. आणि विचारणाऱ्याला पॉलिसी म्हणून परत पाठवायचं नाही." कुंडलिकराव जाताना सही करून गेले. लोक टाळ्या वाजवायला लागल्यावर मात्र लाजले बिचारे.

आता काल काय झालं ते ऐक. भेटीच्या हॉलमधून मम्मीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं दिसत होतं. आत जायची आपल्याला बंदी. तिच्या पलंगाच्या दांडीला एक लाल फुगा बांधलेला होता. वाढदिवसाला बांधतात तसला, हवा जाऊन सुरकुतलेला. मम्मीचा वाढदिवस नोव्हेंबरात. माझं डोकंच फिरलं. जिनं आपल्या दोघांना वाढवलं, जी गावठाणातल्या अर्ध्या लग्नांत चुलीपाशी उभी राहिली, तिला हे लोक तान्हं बाळ समजतात काय? मी चंद्रप्रकाशना विचारलं. ते म्हणाले, "ते आतलं आहे, मॅडम, सरांनाच सांगू शकतो." मी तिथे ओरडले नाही. बसमध्ये बसल्यावर रडले.

तुझ्यावर रागावायलाही आता दम राहिला नाही. मेल टाक रे.

मॉनिका


मरोळ,
१० मार्च

फ्रेडी,

हे पत्र उभ्या उभ्या लिहितेय आणि लगेच टाकायला जाणार आहे.

काल भेट संपवून बसस्टॉपवर उभी होते. ती सेविका, मम्मीला सांभाळणारी, ड्युटी संपवून आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. तिचं नाव लिहीत नाही, तिची नोकरी जाईल. जालन्याकडची आहे, मुंबईत नवीन. बसच्या रस्त्याकडे बघत, माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"मावशी, नातेवाइकाशी बोलायचं न्हाई असं आम्हाला सांगितलंय. पर मला झोप लागंना. तुमची आई फुगे मागती."

"काय मागते?"

"फुगे. आल्यापासून येकच. वरणभात दिला की ताट सरकवती, म्हणती फुगे दे, फुगे कर. मला वाटलं, म्हातारपणी ल्हान लेकरू होतंय माणूस. मी आणले बी, लाल आणला, पिवळा आणला. हातात दिला की चावायला बघती. घशात अडकल म्हणून मंग वर बांधून ठिवला. ते बघून रडती. आन मूठ उगारती."

"मूठ कशी?"

तिनं करून दाखवली. फ्रेडी, बसस्टॉपवर, अख्ख्या रस्त्यासमोर, त्या पोरीनं हात पुढे केला, मूठ वळली आणि हळूच दाबली. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये गोल भोक ठेवून. परत सैल सोडली, परत दाबली.

तुला मी सांगायला नको. पण त्या पोरीला सांगितलं, तसंच लिहिते, कारण लिहिताना मला परत दिसतंय. म्हटलं, अगं, आम्ही ईस्ट इंडियन, आमच्यात लग्नाला, नाताळला फुगे करतात. मैदा, अंडं, नारळाचं दूध, ताडी घालून पीठ आंबवायचं, हातात घेऊन मूठ दाबायची, की वरच्या भोकातून गोळा बाहेर येतो, तो उकळत्या तेलात सोडायचा. टम्म फुगतो. म्हणून फुगे. आमची मम्मी दोन्ही हातांनी सोडायची, गावठाणात तसं कुणाला जमत नव्हतं. ती मारायला उठलेली नाही. ती पीठ सोडतेय.

त्या पोरीनं तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, मूठ उगारते म्हणूनच डॉक्टरनं शांत राहायची गोळी चालू केली, सकाळ-दुपार.

मी हसायला लागले. मग रडायला लागले, मग दोन्ही एकदम. तीही. बस आली आणि गेली. कंडक्टर आमच्याकडे बघतच राहिला.

कुणी मारत नव्हतं तिला, कुणी उपाशी ठेवत नव्हतं. ती पोरगी तर स्वतःच्या खिशातून फुगे आणत होती. नुसतं कुणी मला सांगितलं असतं, "तुमची आई फुगे मागते," तर मी त्याच संध्याकाळी मैदा भिजवला असता. एक वाक्य, फ्रेडी. १९७ वर याला आम्ही एक कॉलसुद्धा धरला नसता.

आता मी ऑफिसात हे सांगितलं तर कुणी सांगितलं ते विचारतील. गोळी बंद करा म्हटलं तर तुमचं नाव रजिस्टर्ड नाही म्हणतील. सगळं तुझ्या दोन ओळींवर अडलंय. मी तुला कधी हात जोडले नाहीत, मोठी आहे म्हणून. आज जोडते.

मॉनिका


मरोळ,
२४ मार्च

फ्रेडी,

काल ऑफिसात गेले तर चंद्रप्रकाश उभे राहिले. "मॅडम, सरांचा मेल आला शुक्रवारी. तुमचं नाव घातलंय. सगळं सांगायचं, सगळं विचारून करायचं." मी मेल दाखवा म्हटलं. दोनच ओळी होत्या. माझ्यासाठी वेगळा शब्द नव्हता, पण दुसऱ्या ओळीत "माय एल्डर सिस्टर" असं लिहिलंयस. नुसतं सिस्टर चाललं असतं.

म्हणजे पत्रं वाचतोस.

डॉक्टर गोळी हळूहळू कमी करून बंद करणार आहेत, एकदम बंद करता येत नाही म्हणाले. ईस्टरपर्यंत ती जागी होईल असं वाटतंय. थँक्यू.

मॉनिका


मरोळ,
२१ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

फ्रेडी,

आता बस आणि नीट वाच, घाईत वाचू नकोस.

काल मासवरून थेट मुलुंड. पीठ आदल्या दिवशीच आंबवलं होतं, ताडी मनोरीहून मागवली. रिक्षात पातेलं मांडीवर धरून बसले, ते एवढं फुगलं की झाकण वर आलं, रिक्षावाला विचारतो, "आंटी, अंदर क्या है, जिंदा है क्या?" चंद्रप्रकाशनी होमचं स्वयंपाकघर मोकळं करून दिलं होतं. आणि शकु होती. शकु म्हणजे तीच, बसस्टॉपवाली. आता नाव लिहायला हरकत नाही. सेविकांनी नातेवाइकांशी बोलायचं, असं मॅनेजरनी आता सगळ्यांना सांगून टाकलंय.

शकुनं मम्मीला चाकाच्या खुर्चीतून आणलं. मम्मी जागी होती. डोळे उघडे, आणि त्या डोळ्यांत आपली मम्मी, तीच, भांडखोर. तेलाचा वास आला तशी मान वर केली. मला ओळखलं की नाही, देव जाणे, पण कढईला ओळखलं. म्हणाली, "तेल तापलं काय?"

मी म्हटलं, "तूच बघ."

तिनं चिमूटभर पीठ आत टाकलं. ते वर आलं. मग तिनं पातेल्यात हात घातला. दोघींनी तिला धरलं होतं, मी एका बाजूनं, शकु दुसऱ्या बाजूनं, कारण तिचा हात तेलात जाईल अशी आम्हाला भीती वाटत होती. उगीचच. मूठ दाबली, गोळा आला, अंगठ्यानं तोडला, तेलात. परत. परत. शकु म्हणाली, "आई गं, हेच तर करत हुती." एकही वाकडा नाही. दोरा गुंडाळलेल्या अंगठीत पीठ जाऊन बसलं.

पहिला घाणा तिनं कुणाला दिला नाही, स्वतः खाल्ला. दुसऱ्यातले दोन शकुला. चंद्रप्रकाश दारात उभे होते, त्यांना बोलावून एक हातावर ठेवला आणि म्हणाली, "गरम हाय, फुंकून खा." ते अंडं खात नाहीत हे मला नंतर कळलं. त्यांनी खाल्ला.

तुझ्या मेलमुळे हे झालं, ते मी विसरणार नाही. पण मी गप्प बसणार नाही हेही ऐकून ठेव. मम्मीच्या शेजारच्या पलंगावर रुक्मिणीबाई आहेत. त्यांना भेटायला कुणी येत नाही, त्यांचा कुणी फ्रेडी नाही. त्या दिवसभर एकच काहीतरी म्हणत असतात, "चिंबोरी" का "चिमणी", कुणाला कळत नाही. मला ऐकवत नाही. त्यांच्याबद्दल कुणी विचारायचं आणि कुणाला? उत्तराताई म्हणतात, मॅनेजर चांगला आहे, पण उद्या मॅनेजर बदलला की? म्हणून पुढच्या महिन्यात आम्ही सह्यांचे गठ्ठे घेऊन मंत्रालयात जातोय. मला सभेत बोलायला लावलंय. मी फुग्यांचं सांगणार आहे. आधी लोक हसतील, हसू देत.

आता मुख्य गोष्ट. कढई उतरवल्यावर मम्मीनं उरलेले फुगे मोजले नाहीत काही नाही, चार बाजूला काढले आणि वर वाटी पालथी घातली. मी विचारलं, हे कुणाचे? माझ्याकडे असं बघितलं, जशी मीच वेडी. म्हणाली, "फ्रेडी जेवला काय?"

मी काय सांगू? मला माहीत नाही. तू कुठे राहतोस, कोण स्वयंपाक करतं, पंधरा तास काम करतोस की दहा, दोन ओळींच्या माणसाबद्दल मला काहीच माहीत नाही. मी म्हटलं, "विचारून सांगते." शकु सांगते की आज सकाळी उठल्यावर मम्मीनं परत विचारलं.

म्हणून अर्ज करते. दीडशे शब्दांच्या आत आहे, विषय एकच आहे, तिकीट पाकिटावर लावलंय.

प्रति, फ्रेडरिक, मस्कत. विषय: जेवण. आपण जेवता का, वेळेवर जेवता का, आणि ताटासमोर कुणी असतं का, याची माहिती द्यावी. आपण सरकार नाही, आपल्याला कायदा लागू नाही, याची अर्जदाराला कल्पना आहे. माहिती अर्जदाराला स्वतःला हवी आहेच, पण खरी हवी आहे ती तिच्या आईला. कायद्यात मुदत तीस दिवसांची आहे. आई एवढं थांबणार नाही, ती आज सकाळीही विचारत होती. तरी उत्तर टपालानं पाठवू नये.

रविवारी फोन करावा. मी उचलेन आणि तिच्या कानाला लावेन.

तुझी मोठी बहीण,
मॉनिका